नवी मेंढी कळपात सोडण्याआधीचे तीस दिवस

मुंबईत नोकरी-धंदा, मुरबाड, शहापूर, कर्जत नाहीतर वाड्याकडे दोन-चार एकर जागा, तिथे पंधरा-वीस मेंढ्या आणि देखरेखीला एखादं जोडपं. असे छोटे कळप या पट्ट्यात आता दिसतात. कळपात साथ शिरली की दोष पाण्याला, चाऱ्याला, बदललेल्या हवेला दिला जातो. प्रत्यक्षात मोठे आजार बहुतेक वेळा टेम्पोतून येतात, आणि तेही मालकाने रोख मोजून आणलेले असतात.

विकत घेताना सगळेच डोळे, नाक, दात, कास बघतात. बघायलाच हवं. पण ज्या आजारांनी कळप बसतो ते खरेदीच्या दिवशी दिसतच नाहीत, आणि ते न दिसण्याची कारणं दोन वेगवेगळी आहेत.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी आणि लाळ-खुरकूत हे विषाणूंचे आजार. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं यायला वेळ लागतो: पीपीआरला साधारण चार ते सहा दिवस, देवीला आठवडा ते दोन आठवडे. या दोन्हींसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत २१ दिवसांची मुदत धरतात. मंगळवारच्या बाजारात लागण झालेली मेंढी बुधवारी तुमच्या दारात उतरते तेव्हा टवटवीत असते. ती तापते रविवारी, आणि तोवर तिने तुमच्या मेंढ्यांसोबत एकाच हौदात तोंड घातलेलं असतं. इथे वेळ हीच तपासणी. तिला वेगळं ठेवून थांबलात की आजार आपणहून उघडा पडतो.

जंत, यकृतातले पट्टकृमी, खूरसड, खरूज, मानेच्या गाठी, ब्रुसेला (मेंढी गाभडवणारा आजार) आणि जोन्स (आतड्याचा, जनावर झिजवणारा आजार) यांचं तसं नाही. यातले काही मेंढीच्या अंगात महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षं निवांत राहतात. नुसतं थांबून काही कळत नाही. तपासावं लागतं, औषध द्यावं लागतं आणि ते लागू पडलं का हे पुन्हा तपासावं लागतं. ‘पंधरा दिवस बाजूला बांधली होती’ एवढ्यावर भागत नाही ते यामुळे. पंधरा दिवस पहिल्या गटालाही कमी पडतात, आणि दुसऱ्या गटाला नुसत्या दिवसांनी काहीच फरक पडत नाही.

खरेदी कुठून

देवनारहून पैदाशीसाठी मेंढी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. महापालिकेचं देवनारचं पशुवधगृह १९७१ पासून चालू आहे. बकरी ईदच्या आधी तिथल्या बाजारात राज्यातून आणि राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून जनावरं येतात. अनेक दिवस प्रवास केलेली, दमलेली हजारो शेळ्या-मेंढ्या खेटून उभी असतात. कापायच्या जनावरासाठी ही व्यवस्था ठीक, कारण ते तिथून पुढे कुठल्या कळपात जाणार नसतं. ईद उलटल्यावर उरलेला माल स्वस्तात निघतो आणि फार्मवाल्यांना मोह होतो. त्या मेंढीसोबत चार राज्यांचे आजार येऊ शकतात, आणि औषधपाण्याचा खर्च धरला की ती स्वस्त राहत नाही.

लोणंद, चाकणसारख्या आठवडी बाजारात माल चांगला मिळतो, पण तिथेही अनेक गावांची जनावरं एकत्र येतात. हेड्याकडच्या, म्हणजे दलालाकडच्या, दहा मेंढ्या सहसा पाच-सहा वाड्यांवरून गोळा केलेल्या असतात. त्यापेक्षा एकाच मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन दहाही तिथूनच घ्याव्यात. पाच कळपांतून दोन-दोन घेतल्या तर जनावरं दहाच येतात, पण आजारांची शक्यता पाच कळपांची येते. पैदाशीचे मेंढे आणि मेंढ्या पुण्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या रांजणी, दहिवडी, महूद इथल्या प्रक्षेत्रांवरही मिळतात. वाट बघावी लागली तरी तिथे लसीकरणाची नोंद असते.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून पनवेल, पेण, कर्जतकडे येतात आणि पावसाआधी परततात. त्यांच्याकडून घेणं सगळ्यात सोपं, कारण सगळा कळप समोर उभा असतो. विकायला काढलेल्या पाच मेंढ्यांऐवजी मागे राहणाऱ्या शंभर आधी बघा. लंगडणाऱ्या किती, नाक वाहणाऱ्या किती, शेपटीखाली हगवणीने माखलेल्या किती? मग त्या जाणत्या माणसाशी चहा घेत बोला. गेल्या तीन महिन्यांत मर झाली का? किती मेंढ्या गाभडल्या? पीपीआरची लस कधी टोचली? जंताचं औषध शेवटचं कोणतं पाजलं? औषधाचं नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली दाखवायला सांगा, ती बऱ्याचदा पालातच सापडते.

याच कळपांना शेतात खतासाठी बसवायची जुनी चाल आहे आणि ती चांगली आहे. फक्त ज्या तुकड्यात परका कळप बसला तिथे आपल्या मेंढ्या लगेच चरायला सोडू नयेत. विकत न घेताही आजार घरात येण्याची ती वाट आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: राज्यात २०२४ पासून कानात बिल्ला असल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या क्रमांकावरून भारत पशुधन या सरकारी संगणक प्रणालीवरची नोंद बघून घ्या. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखलाही लागतो. पण दाखला त्या दिवसापुरता असतो, अंगात मुरत असलेला आजार त्यात दिसत नाही.

हात लावून बघताना

खालची पापणी अंगठ्याने ओढा. आतला भाग लालबुंद किंवा गडद गुलाबी असावा. पांढुरका असेल तर रक्त पिणारे जंत नाहीतर पट्टकृमी, अशी शंका घ्यावी. जबड्याखाली हात फिरवा. मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी दबणारी सूज असेल तर तीही जंतांची खूण. औषधाने ती उतरते. कानाखाली किंवा खांद्यापुढे सुपारीएवढी टणक गाठ लागली तर मात्र ती मेंढी सोडून द्या. अशा गाठीत घट्ट, हिरवट-पांढरा पू असतो, गाठ फुटली की तो गोठ्यात पसरतो आणि त्यातले जंतू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. तिथे अँटिबायोटिकचं फारसं चालत नाही, कारण पुवाभोवतीच्या जाड कवचातून औषध आत पोचत नाही.

ओठांच्या कडेला खपल्या असतील तर बहुधा मावा, हा तोंडाचा संसर्गजन्य आजार. काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली लोकर नसलेल्या जागी टणक पुटकुळ्या असतील तर देवी. तिथून एकही मेंढी उचलू नका. मेंढा घेत असाल तर दोन्ही वृषण दाबून बघा. दोन्ही सारख्या आकाराचे, घट्ट आणि हलते हवेत. एका बाजूला गाठ किंवा दुखरेपणा असेल तर तो मेंढा ब्रुसेलाचा असू शकतो, आणि एकटा मेंढा सगळ्या कळपाला पुरतो.

आणण्याआधी घरची तयारी

लोक नव्या मेंढीला लस टोचतात आणि घरचा कळप तसाच ठेवतात. क्रम उलटा हवा. नवी येण्याच्या किमान तीन आठवडे आधी आपल्या कळपाला पीपीआरची लस द्या. लस दिल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे जातात. ही लस तीन-चार महिन्यांवरच्या जनावरांना एकदा टोचली की किमान तीन वर्षं पुरते. पातळ केलेली बाटली बर्फात ठेवून दोन तासांत संपवायची असते. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या लसीचा उपयोग शून्य.

वेगळा ठेवायचा गोठा आपल्या गोठ्यापासून शंभर फूट तरी दूर असावा. कुंपण, हौद, गव्हाण, गटार यातलं काहीही सामाईक नको. उतारावर जागा असेल तर नवा गोठा खालच्या अंगाला करा, म्हणजे त्याचं धुवण आपल्या गोठ्याकडे येणार नाही. खाली सिमेंट किंवा चोपलेली घट्ट जमीन हवी, चिखल अजिबात नको. सांभाळणाऱ्याने रोज आधी घरचा कळप करायचा, शेवटी नवा, आणि मग परत घरच्या गोठ्यात जायचं नाही. नव्या गोठ्यासाठी वेगळे गमबूट, वेगळी बादली, वेगळी दोरी. दाराशी पाय बुडवायला चार टक्के धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा, म्हणजे दहा लिटरला ४०० ग्रॅम. लाळ-खुरकुताच्या विषाणूवर ते चालतं. बूट आधी घासून धुवा, नाहीतर लेंडीचा थर औषध आत पोचूच देत नाही. पाणी रोज बदला.

पावसाळ्यात खरेदी टाळा. जून ते सप्टेंबर कोकणातल्या ओलीत घाटावरची मेंढी आधीच हैराण असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

पहिले काही दिवस

टेम्पोतून उतरल्यावर पाणी आणि कडबा. खुराक नको. प्रवासाने उपाशी जनावरापुढे मका-भरड्याची पाटी ठेवली की पोटात आम्ल वाढतं किंवा आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) होतो, आणि धडधाकट मेंढी सकाळी मेलेली सापडते. पहिला आठवडा कोरडा चारा, भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट. खुराक मेंढीमागे ५० ग्रॅमपासून चढवत दोन आठवड्यांत २०० ग्रॅमपर्यंत न्यायचा.

पहिले दहा दिवस रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, थर्मामीटर लावा. मेंढीचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३.५ अंश फॅरेनहाइट. सकाळी सावलीत १०४ च्या वर गेलं तर ती लगेच बाजूला. ताप, नाका-डोळ्यांतून आधी पाणी आणि मग घट्ट शेंबूड, हिरड्यांवर कोंडा लावल्यासारखा थर, तोंडाला घाण वास, पाठोपाठ हगवण, असा क्रम दिसला तर तो पीपीआरच समजून चाला. खात्री प्रयोगशाळा करेल. तोवर कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही.

जंत: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

जंत सगळ्याच मेंढ्यांना असतात, त्यामुळे नव्या मेंढीसोबत जंत येणार याचं नवल नाही. भीती आहे ती औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची. एका मालकाने वर्षानुवर्षं दर दोन महिन्यांनी तेच अल्बेंडाझोल पाजलं असेल तर त्याच्याकडे औषध पचवणारेच जंत उरलेले असतात. ते एकदा तुमच्या चराईत पडले की काढता येत नाहीत. म्हणून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मेंढी सावरली की, दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं एकाच दिवशी पण वेगवेगळी पाजतात. एका औषधातून सुटलेला जंत दुसऱ्यात मरतो. कोणती दोन, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. लेव्हामिसॉल आणि क्लोझँटेलमध्ये योग्य मात्रा आणि विषबाधा यांत अंतर कमी असतं. क्लोझँटेल जास्त झालं तर मेंढी आंधळी होते. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

मात्रा वजनावर ठरते, आणि वजन अंदाजाने धरलं की नेहमी कमीच धरलं जातं. ३० किलोच्या मेंढीला अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिलिग्रॅमने २२५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अडीच टक्क्यांच्या औषधाचे ९ मिली. नजरेने तिला २२ किलोची धरलीत तर पोटात जातात साडेसहा मिली. एवढ्याने अशक्त जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. टांगता काटा विकत घ्या. पिचकारी जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि डोकं फार वर उचलू नका, औषध श्वासनलिकेत जातं.

औषध दिल्यावर ४८ तास मेंढ्या त्याच कोरड्या जमिनीवर ठेवा, कारण आधी घातलेली अंडी लेंड्यांतून पडतच असतात. त्या लेंड्या चराईत टाकू नका. वेगळ्या खड्ड्यात नीट कुजवा.

पुढची गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. औषध दिलेल्या नव्या मेंढ्या विलगीकरण संपल्यावर कोऱ्या, न चरलेल्या गवतात सोडू नयेत. दोन औषधांतूनही जे मूठभर जंत वाचले त्यांचीच अंडी त्या कोऱ्या जागेत पडतील आणि तिथली सगळी पैदास त्या चिवट जंतांची होईल. घरच्या मेंढ्या चरत आलेल्या जागेत सोडलं तर तिथे औषधाने मरणारे जंत भरपूर असतात आणि वाचलेल्यांची पिढी त्यांच्यात मिसळून विरळ होते. स्वच्छ गवत द्यावंसं वाटणं साहजिक आहे, पण या ठिकाणी ते नडतं.

औषध लागू पडलं का, हे लेंडी सांगते. औषध देण्याच्या दिवशी आणि १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांची ताजी लेंडी घ्या. शक्यतो थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून, चार-पाच ग्रॅम. पिशवीतली हवा काढून बंद करा, वर बिल्ला क्रमांक लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा पण गोठवू नका, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परोपजीवीशास्त्र विभाग आहे. ग्रॅममागे १,२०० अंडी होती आणि १४ दिवसांनी ६० वर आली, तर घट ९५ टक्के, म्हणजे औषध चाललं. ३०० राहिली तर घट ७५ टक्केच. ती मेंढी अजून कळपात सोडण्याच्या लायकीची झालेली नाही.

पट्टकृमीचा हिशेब वेगळा. भातखाचरं आणि साचलेलं पाणी म्हणजे गोगलगायी, आणि गोगलगायींशिवाय पट्टकृमीचं चक्र पुरं होत नाही. ऑक्सिक्लोझानाइड हे औषध फक्त मोठ्या कृमींवर चालतं, यकृतातून वाट काढणारी पिल्लं त्यातून सुटतात. म्हणून ओल्या पट्ट्यातून आलेल्या मेंढीला दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मात्रा लागते. माण-खटावच्या कोरड्या माळावरून आणलेली मेंढी मात्र पट्टकृमी तुमच्याच खाचरात गिळते. तिच्या बाबतीत धोका घरचा आहे.

खूर आणि कातडी

खूरसडीचा जंतू जमिनीवर साधारण आठवडाभरच टिकतो, पण खुराच्या फटीत तो वर्षानुवर्षं राहतो. म्हणजे नव्या खुरातून येऊ दिला नाही तर तो येतच नाही. उतरल्याच्या दिवशी खूर पाण्याने धुवा आणि मग दहा टक्के झिंक सल्फेटमध्ये १० ते १५ मिनिटं उभं करा. चार फूट लांब, दोन फूट रुंद ट्रेमध्ये तीन इंच पाणी म्हणजे साधारण ५७ लिटर. त्यात पावणेसहा किलो झिंक सल्फेट. खताच्या दुकानात मिळतं ते चालतं. नंतर तासभर कोरड्या जागी उभं ठेवायचं, नाहीतर चिखलात पाय पडून औषध धुतलं जातं. आठवड्याने पुन्हा. बरेच जण यासाठी मोरचूद वापरतात. मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते आणि तहानलेली मेंढी तेच पाणी पिते, म्हणून मोरचूद टाळावा. खूर रक्त येईपर्यंत तासू नका.

खरजेला आयव्हरमेक्टिन कातडीखाली, एक टक्क्याचं ५० किलोला १ मिली, सात दिवसांनी पुन्हा. पाजलेल्या औषधाचा खरजेवर भरवसा नाही. हे औषध जंतांच्या हिशेबातही धरावं लागतं, म्हणून पशुवैद्यकाला आधीच सांगा. गोचीड उघड्या हाताने ओढून नखावर चिरडण्याची सवय सोडा. काँगो ताप गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला होतो, आणि मेंढीला त्याचं लक्षण दिसत नाही. २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता.

दुसरा पंधरवडा आणि मिसळणं

ताप नसेल तर सातव्या ते दहाव्या दिवशी लसी. पीपीआरची नोंद नसेल तर ती, आणि आंत्रविषाराची, जिची दुसरी मात्रा १४ दिवसांनी द्यावीच लागते. एक मात्रा देऊन थांबणं म्हणजे न दिल्यासारखंच. याच सुमारास ब्रुसेलासाठी रक्त तपासून घ्या. गाभण मेंढी तीस दिवसांवर सोडू नका, विईपर्यंत वेगळीच ठेवा. गाभडली तर वार आणि मेलेलं कोकरू हातमोज्याशिवाय उचलू नका, आणि घरातल्या गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका. नमुना घेऊन बाकीचं चुना टाकून खोल पुरा.

तीन आठवडे निर्धोक गेले की सगळा कळप एकदम मिसळण्याऐवजी घरच्या दोन उतारवयातल्या मेंढ्या नव्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवा. उरलेले आठ-दहा दिवस त्या ठणठणीत राहिल्या, १४ दिवसांची लेंडी चांगली आली, खुरं कोरडी आहेत, तर तिसाव्या दिवशी सगळ्या एकत्र. मध्ये आणखी एक मेंढी आणून त्याच गोठ्यात घातली तर दिवस पहिल्यापासून मोजायचे, सगळ्यांचेच.

मधेच मर झाली तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा आणि शवविच्छेदन करून घ्या. एकाच अपवादात कापू द्यायचं नाही: मेंढी अचानक मेली आणि नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असतो. मेंढी उघडली की त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत दशकानुदशकं राहतात. पीपीआर, देवी, काळपुळी यांची खबर देणं २००९ च्या केंद्रीय कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. ज्याच्याकडून मेंढ्या घेतल्या त्यालाही त्याच दिवशी कळवा. त्याच्या वाड्यावर अजून शंभर उभ्या असतात.